कंदीलपुष्पाच्या शोधात

(मराठवाड्याच्या डोंगरांत पावसाळ्यात अनेक रानफुले उमलतात. काही सहज दिसतात, तर काही लपून राहतात. ही लपलेली फुले कधी व कोठे शोधावी, ती कशी ओळखावी आणि सापडल्यावर आपण कसे वागावे, हे या पाठात सांगितले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या शहरातील बीबी का मकबरा तुम्ही पाहिला असेल. मकबऱ्याच्या मागे डोंगरांची रांग दिसते. उन्हाळ्यात हे डोंगर उघडे आणि करडे असतात. तेथे काही उगवत असेल असे वाटतही नाही. पण जून महिन्यात पावसाच्या चार सरी पडल्या, की थोड्याच दिवसांत ते हिरवे होतात. हे हिरवेपण कोठून येते? जमिनीवर पडलेले बी रुजते, हे खरेच. पण जमिनीच्या आत वर्षभर झोपलेले कंदही असतात. पाणी मिळताच ते जागे होतात. त्यांना पाने फुटतात, फुले येतात, फळे धरतात. दिवाळीनंतर वरचा भाग वाळून जातो आणि कंद पुन्हा झोपी जातो.

आपल्याकडे वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. कोकणाच्या मानाने हा फार थोडा आहे. म्हणून येथील रानफुलांना घाई असते. उगवणे, फुलणे आणि बी तयार करणे ही सारी कामे त्यांना चार महिन्यांत उरकावी लागतात. काही फुले तर आठ-दहा दिवसच दिसतात. ते दिवस चुकले, की पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबावे लागते.

सगळीच रानफुले लपून राहत नाहीत. रस्त्याच्या कडेला गुलाबी तेरडा आणि कुरडूचे पांढरट-गुलाबी तुरे सर्वांना दिसतात. एकदांडीची छोटी फुले, घाणेरीचे रंगीत गुच्छ आणि गाजरगवताचे पांढरे ठिपके तर जागोजागी असतात. पण एक गोष्ट लक्षात ठेवा. एकदांडी, घाणेरी आणि गाजरगवत या तिन्ही वनस्पती मूळच्या आपल्या नाहीत. त्या अमेरिका खंडातून येथे आल्या. गाजरगवताची आपल्या देशातील नोंद १९५५ च्या सुमारास पुण्यात झाली आणि पुढे ते देशभर पसरले. जे फूल सगळीकडे दिसते ते येथलेच असेल, असे समजू नये. उलट, येथील काही खरे रहिवासी आज शोधूनही सापडत नाहीत.

मग ते शोधायचे कधी? प्रत्येक फुलाचा हंगाम ठरलेला असतो. पहिल्या पावसानंतर गवतात वाकून पाहा. गवतासारख्याच पानांच्या तळाशी, अगदी जमिनीला टेकलेले, सहा पाकळ्यांचे पिवळे फूल दिसेल. ती काळी मुसळी. त्याच सुमारास फोडशीची पांढरी फुले येतात. हिच्या कोवळ्या पानांची भाजी अनेक घरांत करतात. श्रावणात कळलावी फुलते. तिच्या पानाचे टोक स्प्रिंगसारखे वळलेले असते. त्या टोकाने ती शेजारच्या झुडपाला धरते आणि वर चढते. तिच्या पाकळ्या मागे वळलेल्या असतात. त्या आधी पिवळट असतात व पुढे लाल होत जातात. दिसायला ती ज्वाळेसारखी, म्हणून तिला अग्निशिखा असेही म्हणतात. कळलावी सुंदर असली तरी विषारी आहे. तिचा कंद तर फारच विषारी असतो. ओळख पटल्याशिवाय रानातील कोणतीही वस्तू तोंडात घालू नये.

श्रावण-भाद्रपदातच आणखी एक फूल उमलते. ते फार थोड्यांनी पाहिलेले असते. त्याचे नाव कंदीलपुष्प. आज आपण त्याच्याच शोधात जाऊ.

चला तर, आपल्या जिल्ह्यातील एका टेकडीवर जाऊ या. टेकडीचे नाव मी मुद्दामच लिहिलेले नाही. का लिहिले नाही, ते पुढे तुम्हांला कळेल.

सकाळची वेळ आहे. रात्री पाऊस पडून गेला आहे. पायांत बूट आहेत, कारण गवतात साप-विंचू असू शकतात. हातात काठी, वही आणि पेन्सिल आहे. पायाखाली काळा खडक आहे. वेरूळची लेणी याच खडकात कोरलेली आहेत. खडकाच्या भेगांत माती साचते आणि त्या मुठीएवढ्या मातीतही वनस्पती तग धरतात.

तुम्ही भराभर चालत वर गेलात, तर तुम्हांला काहीही सापडणार नाही. रानफूल शोधणाऱ्याने सावकाश चालावे. दहा पावले चालून थांबावे. आधी दूरवर नजर टाकावी, मग गुडघ्यांवर बसून जवळ पाहावे. मोकळ्या जागेतील कोवळी पाने शेळ्या-मेंढ्या खाऊन टाकतात. म्हणून नाजूक वनस्पती बहुधा काटेरी झुडपांच्या आडोशाला, खडकांच्या कपारींत किंवा उंच गवताच्या मध्ये टिकून राहतात. जेथे शेळीचे तोंड पोहोचत नाही, तेथे आपली नजर पोहोचली पाहिजे.

एका बोरीच्या झुडपाजवळ तुम्ही वाकलात. काट्यांमधून एक बारीक वेल वर चढलेली आहे. वेलीवर फळासारखे किंवा कळीसारखे काहीतरी उभे आहे. आकाराने ते जेमतेम दोन सेंटिमीटर. खाली फुगीर, मध्ये नळी आणि वर पाच पट्ट्यांचा छोटासा पिंजरा. खालचा भाग फिकट हिरवा आणि टोके जांभळट. हेच आहे का कंदीलपुष्प?

घाई करू नका. “सापडले!” असे ओरडण्याआधी स्वतःला पाच प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न : ही वनस्पती झाड आहे, झुडूप आहे, की वेल? आपल्यासमोर वेल आहे. ती दुसऱ्या झुडपाला गुंडाळत वर गेली आहे.

दुसरा प्रश्न : पाने कशी आहेत? पाने समोरासमोर, जोडीने आली आहेत. ती गुळगुळीत आणि थोडी जाड आहेत. येथे एक अडचण आहे. या वेलीची पाने कधी गोलसर असतात, तर कधी लांबट व अरुंद असतात. त्यामुळे केवळ पानाच्या आकारावर भरवसा ठेवता येत नाही.

तिसरा प्रश्न : फुलाची रचना कशी आहे? पाच पाकळ्या आहेत, पण त्या उमललेल्या नाहीत. त्यांची टोके वर एकमेकांना चिकटली आहेत. त्यामुळे मध्ये पाच खिडक्या तयार झाल्या आहेत. ही सर्वांत महत्त्वाची खूण आहे.

चौथा प्रश्न : फळ कसे आहे? कंदीलपुष्पाला शिंगांसारख्या दोन बारीक शेंगा येतात. त्या पिकून फुटल्या, की आतील बी रेशमी केसांच्या झुपक्याने वाऱ्यावर उडते. रुईचे बी उडताना तुम्ही पाहिले असेल. उर्दूत जिला आक म्हणतात तीच ही रुई. कंदीलपुष्प रुईच्याच कुळातले आहे.

पाचवा प्रश्न : हिच्यासारखी दिसणारी दुसरी वनस्पती कोणती? उतरण नावाची वेल याच कुळातली आहे आणि कुंपणांवर ती सर्रास आढळते. पण उतरणीचे पान मोठे व हृदयाच्या आकाराचे असते. तिच्या फळावर मऊ काटे असतात आणि तिचे फूल उघडे असते. म्हणजे आपल्यासमोरची वेल उतरण नव्हे.

पाचही उत्तरे जुळली. आता खात्रीने म्हणा, हे कंदीलपुष्पच आहे. ही त्याची एक जात असून तिला मराठीत पाताळतुंबडी असे नाव आहे. पाताळ म्हणजे जमिनीखालचा लोक आणि तुंबडी म्हणजे लहान भोपळा. जमिनीखाली या वेलीचा गोल, चपटा कंद असतो. उन्हाळ्यात वेल दिसत नाही तेव्हा ती या कंदाच्या रूपाने जिवंत असते.

कंदीलपुष्प हे नावही पाहण्यासारखे आहे. ‘कंदील’ हा शब्द तुम्हांला घरचाच वाटेल. तो अरबी भाषेतून उर्दूत आला, तसाच मराठीतही आला. ‘पुष्प’ हा शब्द संस्कृतातला. दोन भाषांनी मिळून या एवढ्याशा फुलाचे नाव घडवले आहे. शास्त्रज्ञ या फुलांना ‘सेरोपेजिया’ म्हणतात. स्वीडनमधील कार्ल लिनियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने अठराव्या शतकात हे नाव दिले. मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ ‘मेणाचे कारंजे’ असा आहे. त्याला कारंजे दिसले, आपल्या लोकांना कंदील दिसला!

या कंदिलात दिवा नाही. मग खिडक्या कशासाठी? त्या लहान माश्यांसाठी आहेत. फुलाच्या वासाने माशी ओढली जाते. ती खिडकीतून आत शिरते आणि नळीतून खाली घसरते. नळीच्या आत बारीक केस असतात. त्यांची टोके खालच्या दिशेला वळलेली असतात. त्यामुळे आत जाता येते, पण बाहेर येता येत नाही. माशी तळाच्या फुगीर खोलीत अडकते. तेथे फिरताना फुलातील परागांचे पुंज तिला चिकटतात. काही काळाने नळीतील केस कोमेजतात. वाट मोकळी होते. माशी सुखरूप बाहेर पडते आणि दुसऱ्या कंदिलात शिरते. अशा प्रकारे परागीभवन होते. फूल माशीला कैद करते, पण मारत नाही.

आता समजा, तुम्ही फूल पाहत बसला आहात आणि शेळ्या राखणारे एक म्हातारे गृहस्थ तेथे आले. तुम्ही म्हणाल, “चाचा, हे फूल तुम्ही पाहिले आहे का?” ते वाकून पाहतील आणि कदाचित म्हणतील, “अरे पोरांनो, ही तर पाताळतुंबडी! लहानपणी शेळ्या राखताना आम्ही हिचा कंद उकरून खायचो. तेव्हा पुष्कळ होती. आता हुडकावी लागते.”

चाचांचे बोलणे नीट ऐका. त्यांच्या बोलण्यात दोन गोष्टी आहेत. पहिली गोष्ट ज्ञानाची. ज्या वेलीचे नाव शहरातील फार थोड्यांना ठाऊक आहे, तिला ते लहानपणापासून ओळखतात. रानातील माहिती हवी असेल, तर रानात राहणाऱ्यांना आदराने विचारावे. दुसरी गोष्ट काळजीची. पाताळतुंबडीचा कंद खाण्याजोगा असतो, हेच तिचे संकट झाले आहे. पान तोडले तर वेलीला नवे पान फुटेल. पण कंद खणला, की वेल संपली. पुढच्या पावसाळ्यात त्या जागी काहीच उगवणार नाही.

हे संकट एकट्या पाताळतुंबडीवर आलेले नाही. मुसळीच्या जातींची मुळे औषधासाठी खणली जातात. हकिमी औषधांमध्ये ‘सालब मिश्री’ हे नाव तुम्ही ऐकले असेल. ते आमरीच्या कुळातील वनस्पतींचे कंद असतात. पावसाळ्यात जमिनीवर उगवणाऱ्या आमरी आपल्या राज्यातील डोंगरांवर आढळतात. त्यांपैकी अनेकींची फुले पांढरी आणि नाजूक असतात. आमरीचे बी धुळीसारखे बारीक असते. मातीतील विशिष्ट बुरशीची मदत मिळाली, तरच ते रुजते. म्हणून आमरी उपटून घरच्या कुंडीत लावली, तरी ती बहुधा जगत नाही. आपल्याला वाटते आपण तिला घरी आणले. खरे तर आपण तिला मारलेले असते.

या फुलांसाठी अनेक अभ्यासकांनी कष्ट घेतले आहेत. भारतात कंदीलपुष्पांच्या पन्नासहून अधिक जाती आहेत. त्यांपैकी बऱ्याच जाती जगात दुसरीकडे कोठेही आढळत नाहीत. भारतीय वनस्पती सर्वेक्षण या संस्थेचे एम. वाय. अन्सारी यांनी भारतातील कंदीलपुष्पांचा बारकाईने अभ्यास केला. त्यांचा ग्रंथ १९८४ साली प्रसिद्ध झाला. पुणे जिल्ह्यात जुन्नरजवळच्या डोंगरावर सापडलेल्या एका जातीला प्राध्यापक महाबळे यांचे नाव देण्यात आले. ते नाव देणाऱ्या दोघांपैकी एक अन्सारीच होते. आपल्या विभागातील वनस्पतींची नोंद डॉ. व्ही. एन. नाईक यांनी केली. त्यांचा ‘फ्लोरा ऑफ मराठवाडा’ हा दोन खंडांचा ग्रंथ १९९८ साली आपल्याच शहरातून प्रसिद्ध झाला. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात डॉ. एस. आर. यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुर्मीळ कंदीलपुष्पे बागेत वाढवली. हे सारे अभ्यासकही एके काळी तुमच्यासारखेच विद्यार्थी होते.

मग तुम्ही काय करू शकता? एक वही करा. तिला ‘रानफुलांची वही’ असे नाव द्या. फूल दिसले, की प्रथम तारीख लिहा. जागा कशी आहे ते लिहा : ऊन की सावली, खडक की माती, शेजारी कोणते झाड. मग पाच प्रश्नांची उत्तरे लिहा. फुलाचे चित्र काढा. आज मोबाइलवर छायाचित्र सहज घेता येते. तेही घ्या, पण चित्र जरूर काढा. चित्र काढताना पाकळ्या मोजाव्या लागतात, पानांची जोडी पाहावी लागते. त्यामुळे डोळ्यांना पाहण्याची सवय लागते. नाव ठाऊक नसेल, तर तेथे रिकामी जागा सोडा. चुकीचे नाव लिहिण्यापेक्षा रिकामी जागा बरी. पुढच्या वर्षी ती भरता येईल.

कन्नडजवळ गौताळा औट्रमघाट हे अभयारण्य आहे. १९८६ साली त्याची घोषणा झाली. छत्रपती संभाजीनगर आणि जळगाव या दोन जिल्ह्यांत ते सुमारे २६० चौरस किलोमीटर पसरलेले आहे. तेथील पानझडीच्या जंगलात शिक्षकांबरोबर अवश्य जा. मात्र अभयारण्यातील वनस्पती तोडणे किंवा उपटणे हा कायद्याने गुन्हा आहे. कायदा नसता, तरीही आपण ते करू नये.

आता टेकडीच्या नावाविषयी. दुर्मीळ फुलाचा पत्ता चारचौघांत पसरला, की तेथे गर्दी होते. कोणी फूल तोडतो, कोणी कंद खणतो, कोणी छायाचित्रासाठी गवत तुडवतो. ज्या बोरीच्या काट्यांनी त्या वेलीला शेळ्यांपासून वाचवले, ते काटे माणसांपासून तिला वाचवू शकत नाहीत. म्हणून जागेचे नाव फक्त आपल्या शिक्षकांना किंवा जाणत्या अभ्यासकांना सांगावे.

विद्यार्थी मित्रांनो, येत्या पावसाळ्यात एखाद्या टेकडीवर सावकाश चाला. दहा पावलांनंतर थांबा. गुडघ्यांवर बसा. कदाचित पहिल्या वर्षी कंदीलपुष्प सापडणार नाही. पण त्याला शोधताना काळी मुसळी सापडेल, फोडशी सापडेल, एखादी आमरीही सापडेल. आणि एखाद्या वर्षी काट्यांच्या आडून तो हिरवा-जांभळा कंदील दिसेल. तेव्हा त्याला डोळे भरून पाहा, त्याचे चित्र काढा आणि आला होतात तसेच हलक्या पावलांनी परत या. पुढच्या वर्षी दुसऱ्या कोणालातरी तो तेथेच दिसला पाहिजे.

शब्दार्थ

करडा – राखेच्या रंगाचा
तग धरणे – टिकून राहणे
कपार – खडकातील खोलगट जागा
आडोसा – आड लपण्याची जागा
सर्रास – नेहमी, सगळीकडे
हुडकणे – शोधणे
पुंज – गुच्छ, गोळा
दुर्मीळ – क्वचित मिळणारे
पानझडीचे जंगल – ज्यातील झाडांची पाने ठरावीक ऋतूत गळतात असे जंगल

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) येथील रानफुलांना घाई का असते?
(आ) कंदीलपुष्प ओळखण्याची सर्वांत महत्त्वाची खूण कोणती?
(इ) ‘पाताळतुंबडी’ या नावाचा अर्थ काय?

प्र. २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) कंदीलपुष्पाचे परागीभवन कसे होते?
(आ) आमरी उपटून कुंडीत लावली तर ती का जगत नाही?
(इ) लेखकाने टेकडीचे नाव का सांगितले नाही? तुम्हांला ते योग्य वाटते का?

प्र. ३. जोड्या जुळवा.
‘अ’ गट : कळलावी, काळी मुसळी, उतरण, गाजरगवत
‘ब’ गट : पिवळे फूल, मऊ काट्यांचे फळ, परदेशी वनस्पती, विषारी कंद

प्र. ४. पुढील शब्द मराठीत आणि उर्दूतही आहेत. मराठीत ते कोणत्या लिंगाचे आहेत ते ‘तो, ती, ते’ लावून लिहा. उर्दूत त्यांचे लिंग तेच आहे का, ते पाहा.
कंदील, जमीन, शहर, नजर, जंगल
(नमुना : तो कंदील. उर्दूत हा शब्द स्त्रीलिंगी आहे.)

उपक्रम : शाळेच्या आवारात पावसाळ्यात आपोआप उगवलेल्या पाच वनस्पती पाहा. त्या न तोडता पाठातील पाच प्रश्नांची उत्तरे वहीत लिहा. त्यांची मराठी व उर्दू नावे घरातील मोठ्या माणसांना विचारा.